गाडीच्या अंगावर कोरलेला नंबर वाचायचा कसा?



आपल्या गोठ्यातल्या गाईच्या किंवा म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावर बारा आकडे असतात. तो बिल्ला म्हणजे त्या जनावराची ओळख. लस कधी टोचली, रेतन कधी झालं, मालक कोण, हे सगळं त्या नंबराच्या मागे लिहिलेलं असतं. जमिनीचंही तसंच. गट नंबर सांगितला की सातबारा निघतो आणि सातबारा निघाला की जमीन कुणाची, बोजा कुणाचा, हे कळतं. बाजारात जनावर घेताना आपण दात बघतो, कास बघतो, बिल्लाही बघतो. जमीन घेताना उतारा काढल्याशिवाय कुणी पैसे देत नाही.

मग गाडी घेताना आपण काय बघतो? रंग बघतो, टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. पुढची नंबर प्लेट बघतो. पण नंबर प्लेट म्हणजे दोन स्क्रूंवर बसवलेला पत्रा. गाडीचा खरा बिल्ला वेगळाच असतो. तो गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर, कारखान्यातच ठोकलेला असतो. त्याला आपण चॅसी नंबर म्हणतो. गाडीचे मालक बदलतात, गाव बदलतं, रंग बदलतो, पण हा नंबर जन्मापासून भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

आता बरेच बचत गट भाजी, दूध, पापड-मसाले बाजारात न्यायला जुना टेम्पो किंवा पिकअप घ्यायचा विचार करतात. पैसे गटाचे, कर्जावर सह्या बायकांच्या, हप्ता बायकांच्या बचतीतून जाणार. आणि गाडी बघायला मात्र कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी दीर. "गाडीतलं तुम्हाला काय कळणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आम्ही म्हणतो, इंजिन उघडता नाही आलं तरी चालेल, नंबर वाचता आला पाहिजे. आणि नंबर वाचायला अक्षरं आणि आकडे ओळखता आले की पुरे.

हे वाचन फार बारकाईनं कुठं केलं जातं, ठाऊक आहे का? अमेरिकेत, पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या मोटारींच्या बाजारात. तिथं एका अक्षरावरून गाडीची किंमत कोटींनी वर-खाली होते. म्हणून आज आधी तिकडची गोष्ट सांगतो आणि मग आपल्या दारातल्या टेम्पोकडे येतो.

ताकदीच्या गाड्या

या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. अंगानं मध्यम, पण पोटात पैलवानाचं इंजिन, अशी ही गाडी. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीनं आपल्या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचाचं मोठं इंजिन बसवून दिलं आणि त्याला 'जीटीओ' नाव दिलं. ३८९ घन इंच म्हणजे आपल्या हिशोबात सुमारे ६.४ लिटर. आपल्याकडे 'छोटा हत्ती' म्हणतात तो टाटा एस २००५ मध्ये आला, तेव्हा त्याचं इंजिन ७०२ सीसीचं होतं. म्हणजे छोट्या हत्तीच्या नऊपट इंजिन, आणि तेही माल वाहायला नाही, नुसतं पळायला!

तरुण मुलांना या गाड्यांनी वेड लावलं. मग शेवरलेची शेवेल आणि कमारो, फोर्डची मस्टँग, प्लायमाउथची बाराकुडा, डॉजची चॅलेंजर, अशा एकेक कंपनीच्या गाड्या आल्या. पण दहा वर्षांतच ही हौस फिटली. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले आणि १९७३ साली तेलाची टंचाई आली. इतकं पेट्रोल पिणारी गाडी कोण पोसणार? पुष्कळ गाड्या भंगारात गेल्या. ज्या राहिल्या, त्यांना पुढं हौशी लोक शोधू लागले आणि त्यांच्या किमती चढत गेल्या.

इथंच खरी मेख आहे. या गाड्या बाहेरून दिसायला सारख्या. त्याच कारखान्यातून तीच गाडी साध्या सहा सिलिंडरच्या इंजिनासह बाहेर पडायची, आणि तीच गाडी राक्षसासारख्या इंजिनासहही बाहेर पडायची. साध्या गाड्या पुष्कळ, ताकदीच्या थोड्या. आज साध्या गाडीला एक भाव आणि खऱ्या ताकदीच्या गाडीला त्याच्या कितीतरी पट भाव. मग लबाडी सुचायला कितीसा वेळ लागतो? साधी गाडी घ्यायची, तिला मोठं इंजिन बसवायचं, वर पट्टे रंगवायचे, महागड्या गाडीचे बिल्ले चिकटवायचे आणि अस्सल म्हणून विकायची. आपल्याकडे साध्या म्हशीला जाफराबादी म्हणून बाजारात उभी करावी, तसंच हे.

डोळ्यांनी ही लबाडी पकडता येत नाही. नंबरानं पकडता येते.

शेवरलेचा नंबर

१९६९ सालची कमारो घेऊ. तिचा नंबर तेरा अक्षरांचा. तो असा सुरू होतो : १२४३७९एन, आणि मग सहा आकडे. वाचायला अवघड वाटतो, पण तोडून घेतला की सोपा आहे.

पहिला १ म्हणजे शेवरले. मग २४ म्हणजे कमारो, आणि तीही आठ सिलिंडरची. इथं २३ असते तर गाडी सहा सिलिंडरची, म्हणजे साधी. मग ३७ म्हणजे दोन दारांची, पक्क्या छपराची. ६७ असते तर उघडझाप होणाऱ्या छपराची. मग ९ म्हणजे १९६९ साल. मग एन म्हणजे ओहायो राज्यातला नॉरवुडचा कारखाना. एल असता तर लॉस एंजेलिसचा. शेवटचे सहा आकडे म्हणजे त्या गाडीचा अनुक्रमांक. त्या वर्षीचा अनुक्रम ५००००१ पासून सुरू झाला.

आता समजा, एखादा माणूस सांगतो, "ही मूळची आठ सिलिंडरची गाडी." आणि नंबर १२३ नं सुरू होतो. बोलणं तिथंच संपलं. आज आत आठ सिलिंडरचं इंजिन असेलही, पण ते नंतर कुणीतरी बसवलेलं आहे.

नंबर काय सांगत नाही

पण मैत्रिणींनो, नंबर वाचता येणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच नंबर कुठं गप्प बसतो हे कळणंही महत्त्वाचं.

कमारोमध्ये 'झेड २८' आणि 'एसएस' असे दोन महागडे प्रकार होते. १९६९ च्या नंबरात या दोन्हींची काहीही खूण नाही. आठ सिलिंडरची साधी कमारो आणि झेड २८ यांचे नंबर सारख्याच पद्धतीचे. म्हणून "नंबर बघा, ही झेड २८ आहे" असं कुणी म्हणालं, तर एकतर त्याला कळत नाही, नाहीतर तो फसवतो आहे.

शेवेलचं आणखी वेगळं. १९६६ ते १९६८ या तीन वर्षांत 'एसएस ३९६' या ताकदीच्या गाडीला स्वतःचा आकडा होता. नंबर १३८ नं सुरू झाला तर ती अस्सल एसएस. आठ सिलिंडरची साधी मलिबू असेल तर १३६. पण १९६९ पासून कंपनीनं एसएस हा वेगळा प्रकार न ठेवता, गिऱ्हाईक मागेल तर जोडून द्यायचा जास्तीचा संच केला. झालं, नंबरातून ती खूण गेली. त्यानंतरच्या गाडीला नुसत्या नंबरावरून एसएस म्हणता येत नाही.

जीटीओचं याच्या उलट. १९६४ आणि १९६५ साली ती जास्तीच्या संचासारखी मिळायची, म्हणून नंबरात तिचं नाव नाही. १९६६ पासून तिला वेगळी जागा मिळाली आणि नंबर २४२ नं सुरू होऊ लागला.

म्हणजे एकाच कंपनीत, दोन-तीन वर्षांच्या फरकानं, वाचायची रीत बदलते. आपल्याकडेही जुना सातबारा आणि नवा संगणकाचा सातबारा यांतल्या रकान्यांत फरक आहेच की.

नंबर गप्प असेल तर काय करायचं? दुसरा पुरावा शोधायचा. कारखान्यात गाडी तयार होताना कुठलं इंजिन बसवायचं, कुठली आसनं बसवायची, याचा कागद गाडीबरोबर फिरायचा. काम झालं की तो कागद कधी आसनाच्या स्प्रिंगांत राहायचा, कधी पेट्रोलच्या टाकीवर. पन्नास वर्षांनी आसन उसवल्यावर तो पिवळा पडलेला कागद सापडतो आणि गाडीचं खरं-खोटं करतो. पॉन्टियाकच्या गाड्यांचे कारखान्यातले जुने कागदही जपून ठेवले गेले आहेत. नंबर दिला की गाडी मुळात कशी तयार झाली होती, ते कळतं.

फोर्ड आणि प्लायमाउथ : एका अक्षराची किंमत

फोर्डनं मात्र इंजिनाची खूण सुरुवातीपासून नंबरातच ठेवली. १९६५ ची मस्टँग घ्या. तिचा नंबर अकरा अक्षरांचा. ५एफ०९के, आणि पुढं सहा आकडे. ५ म्हणजे १९६५. एफ म्हणजे मिशिगनमधला डिअरबॉर्नचा कारखाना. ०९ म्हणजे मागे उतरत्या छपराची गाडी. ०७ असेल तर साधं पक्कं छप्पर, ०८ असेल तर उघडझाप. आणि पाचवं अक्षर के. सगळा जीव या के मध्ये आहे. के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन. तिथं टी असेल तर सहा सिलिंडरचं १२० अश्वशक्तीचं साधं इंजिन. गाडी तीच, पत्रा तोच, फक्त एक अक्षर वेगळं.

प्लायमाउथच्या १९७० च्या बाराकुडाचा नंबर असा सुरू होतो : बीएस२३आर०बी. बी म्हणजे बाराकुडा. एस म्हणजे तिच्यातला खास प्रकार, ज्याला 'कुडा' म्हणतात. २३ म्हणजे दोन दारं, पक्कं छप्पर. आर म्हणजे ४२६ घन इंचाचं 'हेमी' इंजिन, सात लिटरचं, ४२५ अश्वशक्तीचं. ० म्हणजे १९७०. शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. आता पाचव्या जागी आर ऐवजी जी असेल, तर ती गाडी कारखान्यातून ३१८ घन इंचाचं रोजच्या वापराचं इंजिन घेऊन निघाली होती. आज तिच्यात हेमी बसवून टोपणावर कितीही मोठ्या अक्षरांत 'हेमी' लिहा, पाचवं अक्षर खरं ते सांगून टाकतं.

या अक्षराची किंमत किती? १९७१ साली हेमी इंजिनाच्या, उघड्या छपराच्या कुडा फक्त ११ तयार झाल्या. त्यांतली एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या दरानं सुमारे २१ कोटी रुपये. त्याच वर्षीची, तशीच दिसणारी, साध्या इंजिनाची गाडी त्या पैशाच्या जवळपासही जात नाही.

लबाडी कशी होते आणि कशी पकडतात

एवढा पैसा असल्यावर चोर नंबरालाच हात घालतात. तिकडे साधारण १९६८-६९ पासून नंबराची पट्टी पुढच्या काचेतून बाहेरून वाचता येईल अशी, चालकाच्या बाजूला बसवतात. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या गाड्यांत ही पट्टी फुलासारख्या डोक्याच्या खास रिव्हेटांनी बसवलेली असे. चोर काय करतो? भंगारातल्या एखाद्या अस्सल गाडीची पट्टी काढतो आणि चोरीच्या किंवा साध्या गाडीवर बसवतो. म्हणून जाणकार माणूस आधी रिव्हेट बघतो. साधे गोल रिव्हेट दिसले, किंवा भोवती ओरखडे दिसले, की त्याला शंका येते.

शिवाय कारखान्यानं त्या नंबराचा शेवटचा भाग आणखी काही ठिकाणी ठोकलेला असतो. इंजिनावर, गिअरबॉक्सवर, आणि सहज हात पोचणार नाही अशा पत्र्यावरही. १९६९ च्या कमारोत हीटरच्या मागे असा लपलेला नंबर असतो. पट्टीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि लपलेला नंबर जुळले, तर गाडी 'जुळत्या नंबराची'. तिला जास्त भाव. पण इथंही लबाडी होते. इंजिनावरची जुनी अक्षरं घासून काढतात आणि नवी ठोकतात. मग जाणकार अक्षरांची खोली बघतो, ओळ सरळ आहे का बघतो, कारखान्यात घासताना पडलेल्या बारीक रेघा तिथं आहेत की गुळगुळीत झाल्या आहेत, हे भिंगातून बघतो.

म्हणजे नुसता नंबर वाचून भागत नाही. एक नंबर दुसऱ्या नंबराशी आणि दोन्ही नंबर कागदाशी ताडून बघायचे. हा धडा आपल्याला टेम्पोलाही लागू आहे.

सगळ्या जगाची एक रीत

आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल की प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती. कुणाचे अकरा आकडे, कुणाचे तेरा. सालाची खूण कुठं पहिली, कुठं सहावी. आणि ९ म्हणजे १९६९ की १९७९? नुसत्या आकड्यावरून कळणार कसं? हा गोंधळ संपवायला अमेरिकेनं १९८१ सालच्या गाड्यांपासून सतरा अक्षरांचा नंबर सक्तीचा केला. हीच सतरा अक्षरांची रीत पुढं जगभर रुजली आणि आज आपल्या गाड्यांवरही तीच आहे.

सतरा अक्षरांचे तीन तुकडे. पहिली तीन अक्षरं : गाडी कुठल्या देशात, कुठल्या कंपनीनं तयार केली. पुढची सहा : गाडी कुठल्या प्रकारची. शेवटची आठ : नेमकी ही गाडी कुठली, म्हणजे बहुधा साल, कारखाना आणि अनुक्रमांक.

एक गंमत लक्षात ठेवा. या सतरांमध्ये आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीही येत नाहीत. कारण आय हा एकासारखा दिसतो, आणि ओ व क्यू शून्यासारखे. म्हणून कागदावर चॅसी नंबरात ओ लिहिलेला दिसला तर ते शून्य आहे, लिहिणाऱ्याची चूक आहे. आणि गाडीवरच ठोकलेल्या सतरा अक्षरांत आय किंवा ओ असेल, तर तो नंबर कारखान्यानं ठोकलेलाच नाही.

अमेरिकेत आणखी एक पहारा आहे. नववं अक्षर राखणदाराचं. बाकीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, तिला ११ नं भागायचं आणि जी बाकी उरेल ती नवव्या जागी लिहायची. बाकी १० उरली तर एक्स लिहायचा. समजा सतराही जागी १ च आहे. गुणाकारांची बेरीज येते ८९. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी १. नवव्या जागीही १ च आहे, म्हणजे हिशोब जुळला. कुणी मधला एक आकडा बदलला की बाकी बदलते आणि खोटा नंबर उघडा पडतो. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा आकडाही असाच राखणदार असतो. आपल्या देशातल्या सगळ्या गाड्यांच्या नवव्या जागी मात्र असा राखणदार असतोच असं नाही, म्हणून हा हिशोब इथं लावू नका.

आता आपला टेम्पो

भारतात तयार झालेल्या गाड्यांचे नंबर सहसा एम अक्षरानं सुरू होतात. दुसरं अक्षर बहुधा ए ते ई यांपैकी. एमएटी म्हणजे टाटा. एमए१ म्हणजे महिंद्रा. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी. एमबीएल म्हणजे हिरोच्या दुचाकी. एमडी२ म्हणजे बजाज. विकणारा महिंद्राची पिकअप म्हणतो आणि सांगाड्यावर एमएटी दिसतं, तर पैसे पिशवीतच ठेवा.

सालाचं अक्षर बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी ठेवतात. २०१० साठी ए, २०११ साठी बी, २०१२ सी, २०१३ डी, २०१४ ई, २०१५ एफ, २०१६ जी, २०१७ एच. आय सोडून २०१८ साठी जे, २०१९ के, २०२० एल, २०२१ एम, २०२२ एन. ओ सोडून २०२३ साठी पी. क्यू सोडून २०२४ साठी आर, आणि २०२५ साठी एस. हे गटाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा. जागा कंपनीप्रमाणे बदलू शकते, म्हणून खात्री करायची तर आरसी बुकावर तयार झाल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. २०१५ चा टेम्पो २०१७ चा म्हणून विकला, तर गटाला दोन वर्षांचा भाव जास्त पडतो.

गाडी बघायला जाल तेव्हा पुढची कामं त्याच क्रमानं करा.

पहिलं काम, चॅसी नंबर गाडीवर शोधा. टेम्पो-पिकअपला तो सांगाड्याच्या लोखंडी दांड्यावर, बहुधा पुढच्या चाकाजवळ असतो. दुचाकीला हँडलच्या मानेवर असतो. विकणाऱ्यालाच दाखवायला सांगा. चिखल असेल तर ओल्या फडक्यानं पुसा.

दुसरं काम, नंबराची छाप घ्या. पातळ कागद नंबरावर धरायचा आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून घासायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण छाप काढायचो, अगदी तशीच. आरटीओतही चॅसी नंबराची अशी छाप लागते. छाप काढली की डोळ्यांना न दिसणारी गोष्टही दिसते : एखादं अक्षर खोल, एखादं उथळ, ओळ वाकडी, खाली जुन्या अक्षराची सावली.

तिसरं काम, नंबराच्या आजूबाजूचा पत्रा बघा. सगळा सांगाडा गंजलेला आणि नेमका तेवढाच तुकडा नव्या रंगाचा, असं असेल तर का, ते विचारा. तिथं घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर व्यवहार तिथंच थांबवा.

चौथं काम, आरसी बुक हातात घेऊन एकीनं गाडीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा आणि दुसरीनं आरसीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायचं. सतराही. मग तसाच इंजिन नंबर. इंजिन बदललेलं असेल तर त्याची आरटीओत नोंद आहे का, ते विचारायचं. झेरॉक्सवर भागवू नका, अस्सल आरसी मागा.

पाचवं काम, एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घालून बघा. गाडी कुठल्या कंपनीची, कधी नोंदलेली, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत, हे दिसतं. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तो जमिनीवरच्या बोजासारखाच समजा. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखलाही हवा.

सहावं काम, फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्या. घेणाऱ्यानं हे तीस दिवसांच्या आत करायचं असतं. "नंतर करू, गाडी तर वापरायला लागा" असं विकणाऱ्यानं म्हटलं तर ऐकू नका. कोऱ्या फॉर्मवर फक्त सह्या घेऊन वर्षभर गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर ऊस लावणं.

आणखी एक सावधगिरी. आरटीओच्या पुष्कळ ऑनलाइन कामांत चॅसी नंबराचे शेवटचे पाच आकडे विचारतात. म्हणून आरसीचा फोटो गावभराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तो गटाच्या सचिवाकडे आणि खजिनदाराकडेच असू द्या.

हे सगळं करायला फार तर एक तास लागतो. आणि नाही केलं तर काय होतं, तेही सांगतो. नंबरात फेरफार केलेली किंवा चोरीची गाडी पोलिसांनी अडवली, की ती चौकीत उभी राहते. विकणारा फोन उचलत नाही. पण गटाच्या कर्जाचा हप्ता त्या महिन्यालाही भरावाच लागतो. वीस जणींनी आठवड्याला थोडे थोडे करून जमवलेले पैसे त्या एका लोखंडी दांड्यावरच्या सतरा अक्षरांवर टांगलेले असतात.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरी दुचाकी आहे, त्यांनी आरसी घेऊन यायचं. दोघी-दोघींच्या जोड्या करा. नंबर शोधा, पेन्सिलची छाप घ्या, सतरा अक्षरं मोजा, पहिली तीन कुठल्या कंपनीची ते सांगा, सालाचं अक्षर ओळखा. ज्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, त्यांना शाळेत जाणारी लेक शिकवेल. एका बैठकीत जमून जातं. मग गटासाठी गाडी बघायला जाताना भाऊ-दीर बरोबर असले तरी चालतील, पण कागद आणि पेन्सिल तुमच्या हातात असू द्या.